डावीकडून पाचवा

आधी धूळ.
पेटीचा दांडा फिरवायचा चाळीस वेळा,
आत डांबराची भुकटी वावटळीसारखी उठते.
मग थांबायचं. जाडे कण आधी खाली बसतात,
ते नकोत.
शंभर मोजून झाले की तांब्याचा पत्रा आत सरकवायचा
आणि श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घ्यायचा.

एवढं श्टाइंडल मास्तरांनी शिकवलं,
ओटाक्रिंगच्या त्या कारखान्यात.
बाकीचं बोटांनी:
बायक्रोमेटनं नखांच्या कडेला पाडलेली भोकं,
थंडीत त्यांत मीठ भरल्यासारखं होई.

जिलेटिनचा नारिंगी कागद अंधारात वाळवायचा,
त्यावर चित्राची काच ठेवायची,
चौकट आवळून अंगणात न्यायची
आणि व्हिएन्नाच्या उन्हाची वाट बघायची.
नोव्हेंबरात ते सरकारी कारकुनासारखं
अकराला येई, दोनला जाई.

लोक विचारत, उजेडानं तांबं कसं कोरता?
नाही कोरत.
उजेड पडतो तिथे जिलेटिन घट्ट होतं
आणि लोखंडाच्या क्षाराचं ते पिवळं पाणी
खालच्या तांब्यापर्यंत पोचत नाही.
खड्डे पडतात ते उजेड न पोचल्याचे:
कोटाच्या घड्या, टोपीखालचे डोळे, पुलाचं पोट.
उजेड कोरत नाही.
राखतो.

रेल्वे कंपनीचं काम होतं.
डॅन्यूबवरचा नवा पूल, पुलापुढे अकरा कामगार,
संचालकांसाठी कातडी बांधणीचा अल्बम.
पत्रा सुरेख उतरला होता,
खडीचा दाणा न् दाणा.
तेव्हा चिठ्ठी आली:
डावीकडून पाचवा नको.

कारण दिलं नव्हतं.
काचेच्या पाकिटावर अकरा नावं,
पाचव्यावर लाल पेन्सिल.
लालीखालून वाचता येत होतं:
वॉस्मिक, इग्नात्स. रिव्हेट ठोकणारा.
आडनावावरून आमच्याच मोरावियाकडचा.
संपाचं काहीतरी, मास्तर म्हणाले
आणि ओपणी माझ्या हातात दिली.
हलक्या हातानं, अपोलेना.

तेलाचा थेंब टाकून
पोलाद दाबत न्यायचं, आडवं, मग उभं,
खड्डे मिटेपर्यंत.
आधी बूट गेले. मग गुडघे.
हातोड्याला वेळ लागला, खोल होता.
चेहऱ्यापाशी आले तेव्हा
मास्तर कॉफी प्यायला निघून गेले.

कुणाला हाकलायचं तर म्हणतात, तोंड काळं कर.
मी त्याचं तोंड उजळत होते,
जेवणाची घंटा होऊन गेली तरी.
शेवटी त्या जागी, तांब्यात,
माझाच डोळा दिसला.

प्रत काढली.
दमट कागद, शाई, तळहातानं पुसणं, रूळ.
दहा माणसं,
आणि चौथ्या-सहाव्याच्या मधे
अख्ख्या चित्रातली सगळ्यात उजळ जागा.
धुकं वाटेल, मास्तर म्हणाले. नाहीतर मागचं पाणी.
सही झाली. चाळीस प्रती गेल्या.

सावली राहिली.
खडीवर, उजवीकडे कललेली,
टोपीसकट, हातोड्यासकट.
विसरले, असं सांगितलं असतं
कुणी विचारलं असतं तर.
मास्तरांनी ती पाहिली, मला वाटतं.
भिंग डोळ्याला लावून ते पुष्कळ वेळ वाकले होते,
मग भिंग पुसलं, खिशात घातलं.
संचालक मंडळी पुढच्या पानावर
आपापल्या मिशा शोधत असतील.

तो पत्रा पुढे घासून पुन्हा वापरला,
त्यावर कुठल्याशा राजवाड्याचा जिना आला.
इग्नात्स वॉस्मिक कुठे गेला, मला कळलं नाही.
शोधलंही नाही, खरं सांगायचं तर.
पंचवीस वर्षं झाली.

पण उन्हं कलताना
ट्रामच्या थांब्यावर उभी असले
की मी आधी जमिनीकडे बघते,
मग माणसांकडे.
मोजून.